सहा नंबरचं ऑडिशन

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारी बाई आहे मी. इथे अमेरिकेत, ट्रॉयच्या आमच्या महाराष्ट्र मंडळात कुणालाही विचारा. त्यामुळे हे वाचून मंडळी हसणार. हसू देत.

तेवीस वर्षं मी इथल्या एका ऑर्केस्ट्रात पियानो वाजवला. ऑर्केस्ट्रातला पियानिस्ट म्हणजे मागे ड्रम्सच्या शेजारी बसायचं, दीडशे मात्रा गुपचूप मोजायच्या आणि मग जेमतेम आठ सेकंद वाजवायचं... फुलं नाहीत, फोटो नाही. पण ती खुर्ची माझी होती! संधिवातानं बोटं वाकडी झाली आणि मागच्या मार्चमध्ये ती सोडावी लागली. वर नवा माणूस निवडायच्या पॅनेलवर मलाच बसवलं.

अर्ज केलेल्यांत नेहा होती. सातव्या वर्षापासून माझ्या बेसमेंटमध्ये शिकलेली. "मावशी, आय वॉन्ट युअर चेअर," असं लाडात म्हणायची. मी हसायचे. खरं सांगू? जळायचे मी.

आमच्याकडे ऑडिशन पडद्याआड होतं. वाजवणारा तिकडे, पॅनेल इकडे. चपला-बुटांच्या आवाजावरूनही कोण ते कळू नये म्हणून कार्पेट घालतात. नाव नाही, फक्त नंबर. पॅनेलमधून कुणी "थँक यू" म्हटलं की तिथल्या तिथे थांबायचं, उठायचं, घरी जायचं.

सकाळी साडेदहाला सहा नंबर सुरू झाला. तिसऱ्याच ओळीत डाव्या हाताचा अंगठा किंचित उशिरा पडला... लहान हातांसाठी ती युक्ती मीच काढलेली, आणि फक्त तिलाच शिकवलेली. नेहा! आणि काय वाजवत होती कार्टी! तेवीस वर्षांत मला एकदाही असं जमलं नव्हतं.

शेवटची अवघड जागा यायच्या आतच मी म्हटलं, "थँक यू." कागदावर लिहिलं – लय कच्ची. नको.

शेजारचा फ्लूटवाला डेव्हिड माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "कुणाला थँक यू? सहा नंबर आलाच नाहीये. पाच मिनिटं आपण नुसते वाट बघत बसलोय."

मी उठून पडद्यामागे गेले. पियानोचं झाकण बंद होतं.

फोनवर नेहाच्या आईचे सात मिस्ड कॉल. येताना हायवेवर ट्रकनं गाडीला ठोकलं होतं. साडेदहाला पोरगी ऑपरेशन टेबलवर होती, पूर्ण भुलीत. जीव वाचला. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेले. तिची आई कॉफी आणायला गेली तशी नेहा हळूच म्हणाली, "मावशी, भुलीत मी ऑडिशन देत होते. आय वॉज सो गुड, यार. फर्स्ट टाइम एव्हर."

"स्वप्न असेल गं, बाळा."

"मग तू थांबवलंस. तुझाच आवाज होता." बँडेज बांधलेला हात तिनं पांघरुणाखाली घेतला. "व्हाय, मावशी? देअर वॉज सो लिटल लेफ्ट. संपवू द्यायचं होतंस."

मी म्हटलं, "मी कशाला थांबवेन तुला?"

तिनं मान भिंतीकडे वळवली.

डॉक्टर म्हणतात, भुलीत भास होतात. डेव्हिड म्हणतो, मला रिटायरमेंटचा ताण आला होता. असेल. मग दोघींना एकच भास, एकाच वेळी, वीस मैलांच्या अंतरावर कसा झाला? माझ्याकडे उत्तर नाही, आणि शोधणं मी सोडून दिलंय. नेहानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला चांगलं ठाऊक आहे. ते मी तिला अजून दिलेलं नाही.