झेंडूचा हार आणि बिनचहाचं सरकार

हसणार नसाल तर सांगतो. जाऊ दे, हसणारच तुम्ही. तरी ऐका!

मी सरकारी कामगार अधिकारी. मालक-कामगार भांडले की मध्ये बसून समेट घडवायचा, हे आमचं काम. कात्रजकडच्या एका डब्यांच्या कारखान्यासमोर साखळी उपोषण चाललं होतं. म्हणजे रोज नवा माणूस उपाशी बसणार! "आज मिटवा. नाहीतर उद्या कामगार गेट अडवणार आणि पोलीस लाठ्या काढणार," असं बजावून साहेबांनी मला पहिल्यांदाच एकट्याला धाडलं. छाती काय फुगली होती म्हणता!

मंडपापाशी युनियनच्या अध्यक्षा कांबळेताई लगबगीने पुढे आल्या.

"वारज्याहून आलात ना?"

"हो." राहतोच की मी वारज्याला!

"या, या! केव्हाची वाट बघतोय!"

आणि गळ्यात हा एवढा झेंडूचा हार! गादीवर बसवलं, टाळ्या वाजवल्या. म्हटलं, सरकारला अजून मान आहे हो!

मग चहा आला. मला सोडून सगळ्यांना.

"ताई, मला?"

"अहो, आज तुम्ही उपाशी ना!" ताई दटावून म्हणाल्या.

वर पाहिलं, तर डोक्यावर फलक: 'आजचे उपोषणकर्ते'! वारज्याच्या युनियनचा कुणीतरी पाठिंब्याला बसणार होता. तो आलाच नव्हता, आणि त्याच्या जागी मी!

तेवढ्यात बंदोबस्तावरच्या फौजदार मॅडमना घेऊन मालक बाहेर आले.

"सरकारी अधिकारी कुठे आहेत?"

"मीच तो," मी हार सावरत म्हणालो.

मालकांनी हार पाहिला. फलक पाहिला. "वा! म्हणजे निकाल लागलेलाच आहे. येतो मी."

मी गादीवरून ताडकन उठलो. उद्या कुणाचं डोकं फुटलं, तर माझ्यामुळे!

"अहो मालक, थांबा!" कांबळेताई ओरडल्या. "हे आमचे नाहीत! आमचा माणूस एवढा बावळट नसतो!"

ते मात्र मालकांना लगेच पटलं. इतके हसले की खुर्चीच ओढून बसले! हसता हसता बोलणी सुरू झाली, आणि दुपारपर्यंत चक्क समेट झाला.

उपोषण सोडायला लिंबू सरबत आलं. रीत अशी, की सरकारी माणसाने ते उपोषणकर्त्याला पाजायचं.

"पण आज उपोषणाला बसलंय कोण?" मालकांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चला साहेब," फौजदार मॅडम शांतपणे म्हणाल्या, "उरका दोन्हीकडचं."

मग काय करता! सरकार म्हणून ग्लास पुढे केला, उपोषणकर्ता म्हणून दोनदा "नको, नको" म्हणालो, आणि कॅमेऱ्याकडे बघत स्वतःच्याच हाताने स्वतःला सरबत पाजलं.