डावा मडगार्ड

नवरा जाऊन आठ महिने झाले, तरी टेलरबाईंनी मागच्या शेडचं कुलूप काढलं नव्हतं. आत त्याची जुनी गाडी होती. घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायची नोकरी संपली आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याने ही गंजलेली मोटार ओढून आणवली होती. पुढची सात वर्षं तो शेडमध्ये पत्रे ठोकत राहिला आणि बाई पुढच्या खोलीत मशीन चालवत राहिल्या. "अहो, जेवायला चला," एवढंच काय ते बोलणं. भांडण असं कधी झालंच नाही. भांडायला तरी समोरासमोर बसावं लागतं.

आता ठोकाठोकी थांबली होती आणि घर खायला उठत होतं. शिवता शिवता बाई मशीन थांबवून कान द्यायच्या, मग आपलं आपल्यालाच ओशाळं वाटायचं.

एका रविवारी दीर आला. "वहिनी, किती दिवस सांभाळणार ते भंगार? उचलायला माणूस पाठवतो."

"पाठवा," बाई म्हणाल्या. पण परका माणूस आत शिरण्याआधी आपण एकदा बघून यावं, म्हणून संध्याकाळी त्यांनी कुलूप काढलं.

गाडी त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ पुढे गेली होती. दारांच्या खालच्या पट्ट्या नव्या, तळाचा पत्राही नवा. फक्त मागच्या डाव्या चाकावरचा मडगार्ड नव्हता. तिथे चाक उघडं पडलं होतं. आणि भिंतीला अकरा पत्रे टेकवून ठेवले होते, सगळे त्याच मडगार्डचे, सगळे फसलेले. कुठे फुगवटा बसका, कुठे कड वाकडी. प्रत्येकावर त्याच्या बारीक अक्षरात तारीख. पहिली तो गेला त्याच्या दोन वर्षं आधीची, शेवटची नऊ दिवस आधीची.

बाकावर वर्तमानपत्राचा कापलेला नमुना पडला होता. बाईंनी तो उचलून उजेडात धरला. नमुना सपाट होता, गोल खांद्याला सरळ कापड लावावं तसा. दोन वर्षं हा माणूस जिथे अडून बसला, ते त्यांनी कागदाला चार चिरा देऊन एका दुपारी उलगडून दाखवलं असतं. भिंतीपलीकडेच तर होत्या. त्याने विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी डोकावून "काय अडलंय?" म्हटलं नाही.

त्यांनी दिराला फोन लावला. "माणूस पाठवू नका."

"का हो, काय झालं?"

"काम राहिलंय."

उजवा मडगार्ड मूळचाच होता, धडधाकट. बाईंनी त्यावर कागद बसवला. जिथे तो ताणला गेला तिथे चीर दिली. चीर उघडली, म्हणजे तिथे पत्रा ताणायचा. जिथे चुण्या पडल्या तिथे तो गोळा करायचा. मग कागद उलटा केला. उजव्या बाहीवरून डावी बेततात, तसाच.

इथवर शिवणकाम. पण पत्रा म्हणजे कापड नव्हे. वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने मारता मारता तो कडक होत गेला आणि टर्रकन फाटला. मग त्यांनी नवऱ्याच्या ओळखीच्या म्हाताऱ्या डेंटरला बोलावलं. जन्मभर अपघातातल्या गाड्या सरळ केलेला माणूस.

"पत्रा रुसला की हात थांबवायचा, वहिनी," तो म्हणाला. "तापवायचा, आपला आपण निवू द्यायचा. मग ऐकतो. हे तुमच्या नवऱ्यालाही मीच शिकवलं. पण माप कुठे चुकतं, ते काही मलाही सांगता येईना."

त्याने बाईंचा कागद हातात फिरवून पाहिला. "तो म्हणायचा, बायकोला विचारलं तर चुटकीसरशी सांगेल. मग विचार की, म्हटलं. तर म्हणे, तिच्यामागे आधीच गिऱ्हाइकांचा व्याप, कशाला आणखी त्रास?"

"चहा टाकते," म्हणून बाई उठल्या.

पुढे चार महिने गेले. सकाळी शिवण, दुपारी पत्रा. तळहाताला घट्टे पडले, गिऱ्हाइकांचे ब्लाउज उशिरा जाऊ लागले. आणखी दोन पत्रे वाया गेले, त्यानंतरचा बसला. डेंटरने येऊन तो जोडून दिला, डोळे मिटून दोन्ही बाजूंवर हात फिरवला आणि म्हणाला, "उजवा कुठला नि डावा कुठला, शपथेवर सांगता यायचं नाही."

तो गेल्यावर बाईंनी परगावच्या मुलाला फोन केला.

"आई, या वयात हातोडा? लागलं असतं म्हणजे? आणि दाखवायचंय कुणाला?"

"कुणाला नाही," त्या म्हणाल्या. ज्याला दाखवायचं होतं, त्याचं नाव घेऊन काय उपयोग होता?

फोन ठेवून त्या पुन्हा शेडमध्ये गेल्या. डिकीचं झाकण कडेने गंजून चाळण झालं होतं. बाईंनी त्यावर नवा कागद पसरला. चीर कुठे द्यायची आणि का द्यायची, हे हळू आवाजात सांगत सांगत त्या कापू लागल्या.