बिनवायरीचा नांगर

वायरीचा इतका मनापासून तिरस्कार करणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात दुसरा झाला नसेल. माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार अर्नाळा, जन्माने कोळी, धंद्याने अर्धे मासेमार आणि अर्धे टीव्ही दुरुस्त करणारे. मी देशावरचा, बँकेच्या नोकरीपायी विरारला आलो, अर्नाळ्याची मुलगी केली आणि तिच्याबरोबर हे साडू मला आपोआप मिळाले. लग्नानंतर आमच्या नव्या फ्लॅटवर जेवायला आले तेव्हा हातात पापलेटाचा तुकडा तसाच धरून ते बराच वेळ माझ्या पंख्याच्या लोंबत्या वायरीकडे दुःखाने बघत राहिले. मला वाटलं, मासा शिजला नसावा. बायकोने भीत भीत विचारलं तेव्हा म्हणाले, मुंबईचं गाणं हवेतनं घरात येतं, मग पंख्याचं बटण दाबायला माणसाने उठून भिंतीपर्यंत का जायचं? वीज अजूनही वायरीतूनच येते, हे त्यांच्या आयुष्यातलं खरं दुःख होतं. त्यावर आपला काही इलाज चालत नाही हे त्यांना पटलेलं होतं, पण ते त्यांनी माफ मात्र कधीच केलं नाही. पुढच्या रविवारी येऊन त्यांनी माझ्या पंख्याला रिमोट बसवला. तेव्हापासून तो पंखा शेजारच्यांचा टीव्ही लागला की फिरू लागतो, आणि आम्ही आता त्याची सवय करून घेतली आहे.

त्यांच्या स्वतःच्या घरी तर कुठल्याच वस्तूचा भरवसा नसे. ताईच्या, म्हणजे माझ्या मेव्हणीच्या, मिक्सरला त्यांनी रिमोट लावला होता. झाकण लावायच्या आधीच तो सुरू झाला आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण छतापर्यंत उडालं. त्यानंतर ताई मिक्सर सोडून पाट्यावर वाटू लागली आणि साडू म्हणाले, चव सुधारली. त्यांच्या शर्टाच्या खिशात नेहमी तीन-चार रिमोट आणि एक टेस्टर असे, आणि कुठला रिमोट कशाचा हे त्यांनाही नक्की सांगता येत नसे. एकदा शेजारी मयत झाली होती. साडू सगळ्यांबरोबर खाली मान घालून बसले होते. डोळे पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तिकडे घरचा पंप सुरू झाला. टाकी भरून गल्लीभर पाणी वाहायला लागलं तरी त्यांना उठता येईना, कारण तेवढ्यात मयत उचलत होते. सेल संपला की टाकून देणं त्यांना पटत नसे. ते तो जिभेला लावून चव बघत, आणि मग अंगणात बोंबील वाळत घातलेले असत त्यांच्याच शेजारी फळीवर सेलांची रांग उन्हात मांडून ठेवत. ऊन लागलं की सेल आणखी दोन दिवस जगतो, असं त्यांचं म्हणणं. कावळे बोंबील नेत, सेलांना कधी शिवत नसत. ताई म्हणायची, कावळ्यांनाही कळतं.

हे सगळं मी हसत सांगतो आहे, पण अर्नाळ्याला जाऊन आलो की माझं मन हल्ली दिवसभर लागत नाही. त्या घरातली सगळी यंत्रं आता भिंतीवरच्या बटणांनी चालतात, बिनबोभाट आणि बेचव.

साडूंचं निम्मं आयुष्य मात्र या खेळण्यांत नव्हतं, ते थोरल्या भावाच्या बोटीवर होतं. या भावाला सगळं गाव दादूस म्हणे. जमिनीवर हे दोघे भाऊ एकमेकांशी फारसं बोलत नसत. एक यंत्रांचा वेडा, दुसऱ्याला रेडिओचं बटण फिरवायचीही अडचण. पण बोटीत दादूस मागे सुकाणूवर बसत आणि साडू पुढे नाळेवर, बोटीच्या टोकाला, आणि नांगर हा सर्वस्वी साडूंचा. तो टाकायचा त्यांनी आणि ओढायचाही त्यांनीच. गाळात रुतलेला नांगर ओढताना दोर हातात ताणून धरायचा. नांगर जमिनीतून सुटला की हाताला एक हिसका कळतो, त्या क्षणी नाळेवरच्याने ओरडायचं, ‘सुटला!’ आणि मग मागच्याने इंजिनाला जोर द्यायचा. आधी दिला तर दोर तुटतो, उशीर झाला तर किल्ल्याजवळच्या खडकांकडे प्रवाह ओढून नेतो. दिवसभरात दोघा भावांत एवढाच काय तो संवाद व्हायचा, आणि तो गेली कित्येक वर्षं चुकला नव्हता. नाळेवर घरचाच माणूस हवा, परक्याचा हात नांगराला लागू द्यायचा नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत होती. दादूसची मुलं मुंबईत हापिसात, साडूंना एकच मुलगी, ती लग्न होऊन सफाळ्याला गेलेली.

आणि एका वर्षी, गावात मोबाइल नुकते दिसायला लागले होते तेव्हा, साडूंच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून घरी आले ते निम्मे होऊन. डॉक्टरांनी वजन उचलायची, ओढायची कायमची बंदी घातली. साडूंनी त्यांना विचारलं, नांगर म्हणजे वजन धरायचं का? डॉक्टर मुंबईचे होते, त्यांना प्रश्नच कळला नाही. दादूसना मात्र कळला. त्यांनी घरी आल्यावर सांगून टाकलं, की पावसाचा जोर ओसरला, नारळी पौर्णिमा झाली, की बोट विकायची. खलाशी ठेवा म्हणून गावाने सांगितलं, मीही माझ्या बँकेच्या शहाणपणाने सांगितलं. दादूसनी माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरा विषय काढला. नायगावचा एक गिऱ्हाईक येऊन बोटीच्या फळ्या ठोकून बघूनही गेला. तो ठोकत होता तेव्हा साडू घरात पलंगावर होते, पण आवाज तिथपर्यंत येत होता. ताई सांगते, प्रत्येक ठोक्याला ते डोळे मिटत होते.

त्या पावसाळ्यात साडू झपाटल्यासारखे कामाला लागले. बोट किनाऱ्यावर नारळाच्या झापांखाली झाकलेली होती. आत बसून त्यांनी नांगर ओढायचा रहाट तयार केला. आमच्याकडे त्याला सगळे विंचच म्हणतात. कामणच्या भंगारवाल्याकडून एका मेलेल्या ट्रकची मोटार आणली, ती आणायला मलाच जावं लागलं, आणि एसटीत कंडक्टरने तिचं तिकीट मागितलं. मोटार फिरली की दोर गुंडाळला जाई. पण बटण नाळेवर असून उपयोग काय, दादूस तर मागे सुकाणूवर एकटे. मागपर्यंत वायर ओढली असती तर दोन तासांचं काम होतं. मी तसं सुचवलंही. साडू म्हणाले, खाऱ्या पाण्यात वायर म्हणजे कुजकं आतडं, आणि ते तुम्हाला समजण्यासारखं नाही. मग मोटारगाडीचे दरवाजे लांबून बंद करायचा जो रिमोट मिळतो तो त्यांनी मुंबईहून मागवला, त्याची पेटी ताईच्या लोणच्याच्या बरणीत बसवली, बरणीचं तोंड मेणबत्तीच्या मेणाने बंद केलं आणि रिमोट दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून दोऱ्याने दादूसच्या गळ्यात बांधला. बरणी कितीही धुतली तरी विंच सुरू झाली की कैरीच्या लोणच्याचा वास यायचा.

चाचणीसाठी बोट पाण्यात उतरवली तो दिवस रविवार निघाला. पावसाळ्यात मुंबईचे लोक गाड्या घेऊन अर्नाळ्याला भिजायला येतात. दादूस नांगरलेल्या बोटीत बसून जाळं सांधत होते आणि साडू किनाऱ्यावर उभे राहून सूचना ओरडत होते. एवढ्यात विंच आपोआप घरघरली, नांगर वर आला आणि बोट मोकळी होऊन शेजारच्या बोटीवर जाऊन आदळली. दादूस संतापून भावाकडे बघायला लागले, तर साडू दोन्ही हात वर करून आपण काही केलं नाही असं दाखवत होते. मागे सुरूच्या झाडांत एक गृहस्थ आपल्या नव्या गाडीला पुन्हा पुन्हा कुलूप लावून पाहत होते. त्यांनी बटण दाबलं की आमचा नांगर निघायचा. किनाऱ्यावरची माणसं पोट धरून हसली. दादूस हसले नाहीत. किनाऱ्यावर येऊन गळ्यातला रिमोट काढून भावाच्या हातात देत एवढंच म्हणाले, ‘तुजा नांगर परक्याचं आयकतो.’ साडूंना ते फार लागलं. रीतच तशी होती ना. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पण हार मानतील ते साडू कसले. त्यांनी आतली जोडणी बदलून रिमोटवरची दोन्ही बटणं एकदम दाबून धरल्याशिवाय मोटार फिरणारच नाही अशी सोय केली. त्यानंतर किनाऱ्यावर कितीही गाड्या आल्या तरी नांगर कुणाला बधला नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला, नायगावच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं, आणि पुढच्या भरतीला दादूस एकटे बोट घेऊन गेले. साडू किनाऱ्यावर उभे होते. मीही रजा टाकून गेलो होतो. लांबून दिसलं, दादूसनी हात छातीशी नेले आणि नांगर पाण्याबाहेर आला. कुणी हात न लावता. मी टाळ्या वाजवल्या. साडूंनी नाही वाजवल्या. बोट लहान होत गेली तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. एवढे दिवस यंत्र चालेल की नाही याची त्यांना काळजी होती. ते चाललं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आता नाळेवर आपलं काम उरलं नाही. घरी येताना वाटेत ते मला म्हणाले, साडू, आपण चांगलं केलं.

दोन-तीन दिवसांतच दादूस भर दुपारी परत आले, बोटीत मासळी नाही. दोर कापलेला. सरळ साडूंच्या ओट्यावर येऊन बसले. झालं होतं असं, की मोटार दोर ओढत होती, पण नांगर गाळातून सुटला कधी हे मागे बसलेल्या माणसाला कळणार कसं? हिसका मोटारीला लागतो, तिला तोंड नाही. अंदाजाने इंजिनाला जोर दिला तेव्हा नांगर रुतलेलाच होता, आणि दोर कापून सुटावं लागलं. साडूंचे डोळे एकदम चमकले. ते खिशातला टेस्टर काढून म्हणाले, बल्ब लावू, नांगर सुटला की लाल पेटेल, सोपं आहे. दादूस त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, ‘बल्ब नको. तू चल. ओढू नको, नुसता बस.’

ताई आतून ऐकत होती. तिने डॉक्टरांना विचारायला मला धाडलं. डॉक्टर म्हणाले, बसायला काही हरकत नाही. मग ताईने अट घातली, की उभं राहायचं नाही. म्हणून हात टेकायला असलेली एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची नाळेवर दोरांनी बांधण्यात आली, आणि उभ्या पालघर किनाऱ्यावर खुर्चीत बसून मासेमारीला जाणारा एकमेव कोळी म्हणून माझे साडू प्रसिद्ध झाले. पोरं त्यांना मंत्री म्हणायची. गळ्यात मफलर, मांडीवर औषधाची पिशवी, डावा हात दोरावर नुसता टेकवलेला. मागे दादूस दोन्ही अंगठ्यांनी बटणं दाबत. पुढून ‘सुटला!’ ऐकू येई. बोट विकायचं नाव मग कुणी काढलं नाही. मासळी दरवर्षी कमी होत गेली, डिझेल महाग होत गेलं, साडूंचं चालणं ओट्यापुरतं उरलं, तरी त्यांना दोघा-तिघांनी धरून खुर्चीत नेऊन बसवायचं हे मात्र चालू राहिलं. मी कधी कधी किनाऱ्यावर उभा राहून बघायचो आणि मला फार वाईट वाटायचं, कारण आपण काय बघतो आहोत हे मला कळत होतं.

ते गेले ते घरी, दुपारी, झोपेत. मोसम चालू होता, सकाळीच समुद्रावरून आले होते.

अस्थी सोडायला दादूसनी बोट काढली आणि मला बरोबर घेतलं. बायका किनाऱ्यावर थांबल्या. किल्ल्याच्या पलीकडे, जिथे ते दोघे नेहमी जाळं टाकत तिथे, दादूसनी स्वतः पुढे येऊन हातांनी नांगर टाकला. मडकं पाण्यात सोडलं, फुलं थोडा वेळ बोटीभोवती फिरली आणि मग ओढीला लागून निघून गेली. दादूस मागे सुकाणूवर जाऊन बसले. गळ्यातली पिशवी त्यांनी हातात घेतली होती, पण बटण दाबत नव्हते. ओहोटी लागायच्या आत परतायला हवं होतं. त्यांना आठवत नसेल असं वाटून मी हळूच म्हणालो, दोन्ही एकदम दाबायची. ते म्हणाले, ‘ठावं हाय.’ मग पाण्याकडे बघत म्हणाले, ‘नांगर उचलला का आपुन जानार. तो हितंच रानार.’ आणि दोरा गळ्यातून काढून त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. ‘तुमी दाबा, सायेब. माज्यानं नाय होत.’

मी बँकेतला माणूस, माझा हात त्या नांगराला लागायला नको होता. पण आमच्या दोघांशिवाय तिथे कुणी नव्हतं. मी दोन्ही अंगठे ठेवले. मोटार घरघरली, दोर ताणला, बोट पुढे ओढली गेली, आणि आम्ही दोघेही समोर रिकाम्या नाळेकडे बघत थांबलो. नांगर सुटला की नाही, काही कळेना. शेवटी दादूसनी अंदाजानेच बोट वळवली.