पोरगी बघायला निघालेली जीप

नोकरीतल्या बऱ्याच केसेस माझ्या डोक्यातून पुसल्या गेल्या. ही गेली नाही. केस मोठी नव्हती. खून नाही, दरोडा नाही. साधा अपघात होता आणि पेपरात त्याला आतल्या पानावर दोन-चार ओळी मिळाल्या होत्या.

मी सातवी पास होऊन पोलिसात लागले. महिला शिपाई म्हणून भरती झाले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. नाशिक रोडकडच्या आमच्या ठाण्यात तेव्हा बायका आम्ही दोघीच. बाईची झडती, बाईचा जबाब, बाईला कोर्टात नेणं, एवढ्यापुरती आमची आठवण व्हायची. बाकी वेळ बाकावर बसून जायचा. बाकावर बसून माणसं चांगली कळतात, हा त्यातला फायदा.

अपघात सिन्नर रस्त्यावर झाला. सकाळी एक जुनी जीप सिन्नरहून नाशिककडे येत होती. पुढच्या एसटीला ओलांडायला गेली आणि समोरून येणारा सायकलवाला जीपखाली सापडला. कारखान्यात रोजंदारीवर जाणारा तिशीतला माणूस. जीपचा ड्रायव्हर पळून गेला नाही. त्याने जखमीला त्याच जीपमध्ये घातलं आणि सिव्हिलला आणलं. तिथे पोचेपर्यंत माणूस संपला होता.

ड्रायव्हर विशीतला पोरगा. गाडी त्याचीच. लायसन हातात येऊन काही महिनेच झालेले. लायसन खरं होतं, गाडीचा विमा चालू होता. गाडीत चार माणसं होती. त्यांनी हॉस्पिटलात आमच्या हवालदाराला एकसुरात सांगितलं, "आम्ही सगळे ह्या पोराचे नातेवाईक. ह्याच्यासाठी पोरगी बघायला नाशिकला निघालो होतो." हवालदाराने तसं लिहून घेतलं. जागेचा पंचनामा झाला, पोराला अटक होऊन जामीन झाला. दोषारोपपत्र कोर्टात गेलं की आमचं काम संपणार होतं.

सायकलवाल्याचा दहावाही झाला नव्हता. त्याची बायको आणि धाकटा दीर ठाण्यात आले. दीर तावातच होता.

"साहेब, ते पाहुणे-बिहुणे कोणी नाहीत. ती जीप रोज भाड्याच्या शिटा भरते. मी स्वतः बसलोय तिच्यात."

फौजदार साहेब म्हणाले, "मग हे त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"त्या दिवशी मी भावाच्या मढ्यापाशी होतो साहेब. तुमच्यापाशी येऊन काय करू?"

बायको पुढे आली. खोलीत बाई मी एकटीच, म्हणून तिने माझा हात धरला. "बाई, तो आपल्या घरची म्हणून माणसं साक्षीला उभी करतोय. उद्या ती म्हणतील, सायकलवालाच आडवा आला. माझ्या माणसावर बोल नको. खरं काय ते तुम्ही काढा. पाया पडते." आणि ती खरंच वाकली. मी तिला वर ओढलं. ठाण्यात कुणी पाया पडलेलं मला आवडायचं नाही.

परमिट नसताना भाडं घेणं हा वेगळा गुन्हा, आणि साक्षीदारच खोटे निघाले तर आमची केस पडणार. साहेबांनी चौघांनाही बोलावून घेतलं. त्यात एक बाई होती. सिन्नरच्या पलीकडच्या गावातून नाशिकच्या बाजारात भाजी घेऊन येणारी. साहेब मला म्हणाले, "बाई, ती तुमची. बाकीचे मी बघतो."

भाजीवाली चाळिशीची, खणखणीत. मी विचारलं, "पोराची तू कोण?"

"चुलती."

"पोरगी बघायला निघालीस आणि बरोबर मेथीच्या जुड्या? पाटीभर?"

"मंग पाव्हण्याच्या दारात रिकाम्या हातानं जाऊ? तुमच्यात चालत आसंल."

लिहिणारा हवालदार हसला. मीही हसले. ही अशी तुटायची नाही हे मला कळलं. खोटं बोलणाऱ्या माणसाला प्रश्न विचारला की तो उत्तर तयार करतो. त्याच्याकडून काहीतरी करून घेतलं, तर तयारी कमी पडते. म्हणून मी साहेबांना विचारून चौघांनाही ठाण्याच्या व्हरांड्यात आणलं. जीपमध्ये मागे असतात तसे दोन बाक समोरासमोर ठेवले आणि म्हणाले, "अपघाताच्या वेळी कोण कुठे बसलं होतं ते दाखवा. बसा तसेच."

यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. बसले. दोघे इकडे, दोघे तिकडे. भाजीवाली एका फेटेवाल्या म्हाताऱ्याशेजारी बसली.

"एवढं लांब होता?"

"नाय, पाटी होती ना मधी पायात. आसं दाबून." ती सरकली. खांद्याला खांदा लागला.

"हे बाबा तुझे कोण?"

"भाया."

आजच्या पोरींना हा शब्दही माहीत नसेल. भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या भागात त्या काळी भावजय भायासमोर उघड्या डोक्याने उभी राहत नसे. त्याच्याशी बोलायचं झालं तर दाराआडून, नाहीतर पोराच्या तोंडून. त्याची सावली अंगावर पडू नये म्हणून बायका वाट सोडून उभ्या राहायच्या. चांगलं की वाईट, ते सोडा. होतं ते असं होतं.

"सख्खे भाया?"

"सख्खे."

"आणि सिन्नरपासून तू सख्ख्या भायाच्या अंगाला अंग लावून आलीस? आत्ता बसलीस तशी, डोईवर पदर न घेता?"

म्हातारा आधी उठला. बाकावर विस्तव ठेवल्यासारखा उठला. भाजीवाली लालबुंद झाली. समोरचे दोघे खाली बघायला लागले. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"कोन भाया? कुनाचा भाया? ह्या म्हाताऱ्याला मी त्या दिशी पहिल्यांदा बघितला! पैशे देऊन शीट घेतलेली मी, जागा भेटली तिथं बसले. माझा भाया सोन्यासारखा घरी हाय. त्याच्यापुढं मी कधी नजर वर केली नाय, अन् ही बाई माझी आब्रू काढती व्हय!"

म्हातारा म्हणाला, "माय, मी तरी कुठं म्हनलो तुला भावजय? त्या पोरानं वाटून दिलं, तू चुलती, मी मोठा चुलता. त्याला काय कळतंय बिनलग्नाच्याला."

असं ते उघडं पडलं. पोराने हॉस्पिटलच्या पायरीवर घाईघाईत नाती वाटली होती आणि कुणाला कुणाशेजारी बसवलं होतं ते त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मारझोड नाही, शिवी नाही. साहेब खूश झाले. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंनी काम केलं."

भाजीवाली शांत झाल्यावर मी विचारलं, "पण तुम्ही खोटं का बोललात? तो तुमचा कोण लागतो?"

"कोन नाय. पोरगं रडत व्हतं. म्हनलं, पाव्हने म्हना, म्हंजी मेल्याच्या घरी इम्याचे पैशे जातील. गाडीत त्या मानसाला पानी मीच पाजलं बाई. दोन घोट गेलं. मी म्हनलं, आपल्या एका शब्दानं त्याच्या बायकापोरांचं होत आसंल तर काय बिघडलं. तुमाला नको तर नको."

ते बोलणं जबाबात आलं नाही. जबाबात लिहिलं गेलं, 'मी सदर जीपमध्ये भाडे देऊन बसले होते.' कामाचं तेवढंच लिहितात. मी ते बोलणं ऐकलं, पण तेव्हा तोलून पाहिलं नाही. विमा हा आमच्या खात्याचा विषय नव्हता.

दुपारी पोराला आणलं. साहेब दोन-चार वेळा ओरडले, मग त्यांना फोन आला आणि तो माझ्यासमोर राहिला. त्याच्यात लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"का रे, भाडंच मारायचं होतं तर टॅक्सीचा विमा का नाही काढला?"

"काढायला गेलतो ना बाई. बसायलाच लागलो होतो एजंटांच्या दारात. एक म्हणला, तुझी गाडी जुनी अन् लायसन नवं, उलटं असतं तर बघितलं असतं. दुसरा म्हणला, आधी परमिट आण. परमिटला गेलो तर गाडी नियमात बसत नाही म्हणले. अन् टॅक्सीच्या विम्याचा आकडा ऐकला तर गाडी विकूनच भरावा लागला असता."

"मग?"

"मग एक भेटला. म्हणला, घरची गाडी म्हणून काढून देतो, निम्म्यात बसेल. शिटा भरल्यास तर पाहुणे समज. कोणी विचारलं तर पाहुणेच सांग, सगळी नवी पोरं तसंच करतात."

"भाडं घेतलं की तो विमा चालत नाही, हे त्याने सांगितलं नाही?"

"चालत नाही म्हणला. पण चालत नाही म्हंजे काय होतं ते नाही म्हणला. मला तेव्हा वाटलं दंड होत असेल. पैसे अडतात ते सिव्हिलच्या दारात कुणीतरी सांगितलं."

मग त्याने मला विचारलं, "बाई, आता ते त्या ताईला पैसे देतील का?"

"ते कोर्ट बघेल," मी म्हणाले. दुसरं काही मला माहीतच नव्हतं.

एजंटला बोलावलं. स्वच्छ पांढरा सदरा, वेळेवर आला. "मी घरच्या गाडीचा विमा दिला. तो तिच्यात माणसं भरतो का मेंढरं, मला काय ठाऊक?" लेखी काही नव्हतं, आणि एका आरोपीच्या शब्दावर त्याला कुणी हात लावणार नव्हतं. तो साहेबांच्या खोलीत चहा पिऊन गेला.

नुकसानभरपाईचा दावा पुढे बराच काळ चालला. सायकलवाल्याच्या बायकोचा वकील म्हणायचा, विमा कंपनीने पैसे द्यावेत. कंपनीचा वकील म्हणायचा, घरच्या गाडीचा विमा, भाड्याने माणसं नेली, करार मोडला, आम्ही बांधील नाही. त्यासाठी त्यांनी भाजीवालीला साक्षीला आणलं. तिने कोर्टातही खरं सांगितलं. आब्रूचा प्रश्न होता, ती आता मागे फिरणार नव्हती. मग मला बोलावलं. मीही बाकांची गोष्ट जशी घडली तशी सांगितली. सायकलवाल्याची बायको समोर बसून ऐकत होती. मध्ये एकदा तिने मान हलवली, कारण हेच तिने माझ्याकडे मागितलं होतं.

निकाल लागला. भरपाई मंजूर झाली, पण कंपनीने नाही, जीपच्या मालकाने द्यायची. बाहेर तिच्या वकिलाने तिला ते समजावलं. मी जवळच उभी होते.

"म्हणजे कोण देणार?" तिने विचारलं.

वकिलाने खांबाला टेकलेल्या पोराकडे बोट केलं. हलगर्जीने मरण घडवल्याच्या गुन्ह्यात त्याला शिक्षाही लागायची होती. पायात स्लिपर होती.

"हा?" ती म्हणाली. "ह्याच्याकडे काय आहे?"

पोरगा म्हणाला, "जीप आहे ताई. ठाण्यातच आहे." जीप आमच्या आवारात चिंचेखाली गंजत होती. तिची चाकंही कुणीतरी काढून नेली होती, आणि ती कुणी नेली हे ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं.

पुढे सायकलवाल्याची बायको मला लासलगावला भेटली. कांद्याचे भाव पडले म्हणून लिलाव बंद पाडले होते, आमचा बंदोबस्त लागला होता. एका खळ्यावर बायका कांदा निवडत बसल्या होत्या. त्यातून तिनेच हाक मारली.

"बाई, ओळखलं का?"

ओळखलं. माहेरी भावाकडे राहायला आली होती. मोठ्या मुलीला शाळेतून काढलं, धाकटा जातो म्हणाली. जीपवाल्या पोराने शिक्षा भोगल्यावर थोडे पैसे आणून दिले होते, नंतर तो ट्रकवर बाहेरगावी गेला, परत आला नाही. हे सगळं ती हातातलं काम न थांबवता सांगत होती. मग थांबली.

"एक विचारू? ती भाजीवाली खोटंच बोलत राहिली असती, तर मला कंपनीचे पैसे मिळाले असते?"

काहीतरी गोलमाल बोलून निघून जाता आलं असतं. पण मला ते जमत नाही.

"मिळाले असते," मी म्हणाले.

"म्हणजे मी तुमच्याकडे आलेच नसते तर."

"हो."

"बरं झालं सांगितलं. वकील नीट सांगतच नव्हता." आणि तिने सडका कांदा वेगळा टाकला.

मी चूक केली असं मी आजही म्हणणार नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बाक मांडीन. पोलिसाने खोटं चालवून घेतलं तर उद्या तेच खोटं दुसऱ्याचा गळा कापतं. पण खरं बाहेर काढून आम्ही ज्याला पकडलं तो सगळ्यांत कमी चलाख माणूस होता, आणि ज्याने त्याला पाहुण्यांची युक्ती शिकवली त्याचं नाव आमच्या एकाही कागदावर आलं नाही. अपघाताच्या केसमध्ये कुणी "खरं काढा" म्हणत आलं, की तेव्हापासून मी त्याला आधी खाली बसवायचे आणि त्यातून त्याचं काय जाऊ शकतं ते सांगायचे. साहेब लोक वैतागायचे. म्हणायचे, "बाई, आपण पोलीस आहोत, विमावाले नाही."

आणि नवं लायसन घेतलेली पोरं रस्त्यावर सापडली, की मी त्यांचा विमा बघायला मागायचे. घरच्या गाडीचा असला आणि मागे शिटा भरलेल्या असल्या, की तिथेच ही गोष्ट सांगायचे. म्हणायचे, टॅक्सीचा काढ. ती ऐकून घ्यायची, हो बाई म्हणायची. एकाने मात्र विचारलं, "काढतो बाई. पण मला परवडेल असा कुठे मिळतो, ते सांगा." ते मला सांगता आलं नाही. मी त्याच्या दंडाची पावती फाडली आणि त्याला जाऊ दिलं.