फ्रीझरमधली रबराची पट्टी

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मी शारजाच्या औद्योगिक भागात, विमानांच्या सुट्या भागांच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होतो. त्या उन्हाळ्यात आर्क्टिकमधलं एक जुनं जेट दुरुस्तीला आलं. पुढच्या अर्ध्या भागात माल, मधे एक भिंत आणि मागे माणसांच्या खुर्च्या. जिथे रस्ताच जात नाही अशा गावांना ते पीठ, औषधं, टपाल, मास्तर, आजारी माणसं, सगळं एकाच फेरीत पोचवायचं. त्याचं मालाचं मोठं दार उतरवून आमच्याकडे आणलं होतं. दाराच्या कडेनं फिरणारी रबराची पट्टी बदलायची होती. ती घट्ट बसली नाही तर आतला हवेचा दाब टिकत नाही आणि विमानाला अर्ध्यातून परतावं लागतं.

विमानाबरोबर त्यांचा एक इंजिनियर आला होता. आडदांड गडी, पण जुलैच्या उन्हानं त्याचा टोमॅटो झाला होता. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. माझ्या टेबलावर चहा पीत त्यानं एकदा सांगितलं, "माझ्या बहिणीला दिवस गेलेत. पहिलटकरीण आहे. गावात डॉक्टर नाही. जानेवारीत हेच विमान तिला शहरात नेणार. ह्याच दारामागे."

थंडीत चालणारा खास रबर त्यानं मागवला होता, पण तो येईना. मधेच उन्हानं त्याला आडवं केलं. हॉस्पिटलात जाताना तो मला म्हणाला, "रबराचा रोल आल्याशिवाय दार देऊ नकोस. तिथे उणे पन्नास असतं."

मी म्हटलं, "इन्शाल्ला." आमच्याकडे त्या शब्दात होकारही मावतो आणि नकारही.

आणि उणे पन्नासवर माझा विश्वासच बसला नव्हता, हे आज कबूल करतो. आमच्या भागात तापमान सगळेच फुगवून सांगत. पारा पन्नासवर गेला की कामाला सुट्टी मिळते अशी वदंता होती, म्हणून जो तो बावन्न-त्रेपन्न म्हणायचा. ऐकलं की त्यातून आठ-दहा वजा करायची मला सवयच लागली होती. त्याच्या आकड्याला तर मी त्याहून मोठी कात्री लावली.

आठवडाभरानं फोरमन डोक्यावर येऊन बसला. "अरे यार, रबर तो रबर होता है. डोअर भेज दो. यल्ला, खलास करो."

माझ्याकडे आमचा नेहमीचा रबर होता, काळाभोर आणि चिवट. तरी मी तसाच दिला नाही. त्याची हातभर पट्टी कापली आणि कोपऱ्यावरच्या मल्याळी किराणावाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये, मासळीच्या पाकिटांखाली, दोन दिवस ठेवली. फ्रीझरचा काटा उणे अठरावर होता. ह्याहून गार काय असणार, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी पट्टी काढून वाकवली, पिळली. काही झालं नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. वर्कशॉपमध्ये एवढी काळजी कोण घेतं? दाराच्या कागदावर मी ऐटीत लिहिलं, 'थंडीत तपासले', आणि खाली सही ठोकली.

इंजिनियरला हॉस्पिटलातून परस्पर मायदेशी धाडलं. मागोमाग विमानही गेलं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये तो माझ्या काउंटरसमोर उभा राहिला. निम्मा झाला होता. खिशातून त्यानं रबराचा तुकडा काढून ठेवला. लाकडासारखा चिरला होता.

"बहिणीला रक्तस्राव सुरू झाला," तो म्हणाला. "विमान वेळेवर आलं. तिला चढवलं. वर दाब टिकेना, म्हणून परत गावात उतरवलं. दुसरं विमान दोन दिवसांनी आलं. तोवर दोघंही गेली होती." मग त्यानं माझा कागद उलगडला. "तुझी सही बघून मी दाराची पट्टी वाकवूनही पाहिली नाही. कुठे तपासलंस? दाखव."

मी त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं आणि फ्रीझर दाखवून सांगितलं, पट्टी इथेच मासळीखाली दोन दिवस होती. त्यानं फ्रीझरचं झाकण उघडलं, काटा पाहिला आणि मासळीत हात घालून उभा राहिला. किराणावाला ओरडला, "भाईसाब, बंद करो, सब पिघल जाएगा!" तो हलला नाही.

"आमच्याकडे एवढ्या थंडीत पोरं अंगणात खेळतात," तो म्हणाला.

मार बसेल म्हणून मी खांदे आवळून घेतले होते.

"मला वाटलं होतं, तू न तपासताच लिहिलंस. तुला मारायला एवढ्या लांब आलो." त्यानं हात बाहेर काढला आणि झाकण हळू लावलं. "पण तू तर खरंच तपासलंस. आता मी कोणाला मारू?"