वस्तादांची दुसरी उडी

पंचवटीत सावळीराम वस्तादांचं नाव निघालं की घाटावर दोन तट पडायचे. एक म्हणायचा, वस्ताद पुरात गेले. दुसरा मिशीतल्या मिशीत हसायचा. "जो गडी भर पुरात पलीकडं जाऊन विडी ओढून यायचा, तो बुडंल होय? पळाला तो. सुरतेला दुसरं घर थाटलंय त्यानं."

सुरतेचं नाव ऐकलं की रंगनाथची कानशिलं तापायची. रंगनाथ ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता, पण त्याआधी तो वस्तादांचा चेला. लहानपणी वस्तादांनी त्याच्या पाठीला रिकामा डबा बांधला होता आणि काही न बोलता घाटावरून पाण्यात ढकलून दिलं होतं. नाकातोंडात पाणी गेलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि वरून तो भरदार आवाज आला, "हात मार गड्या! नदी काय तुला खात नाय!" काय आवाज होता तो! नाटकातला एखादा राजाही त्यापुढं फिका पडावा. त्या आवाजाच्या जोरावर रंगनाथ पुढं राज्याच्या शर्यती पोहला, नोकरीला लागला, संसाराला लागला.

शहात्तरच्या श्रावणात नदी चढली. चांगुणा नावाची भाजीवाली आपली पाटी वाचवायच्या नादात एका लहानशा देवळाच्या कळसाला अडकली. वस्ताद कमरेला दोर बांधून गेले आणि तिला पाठीवर घेऊन आले. दोराचं दुसरं टोक रंगनाथच्या हातात होतं. काठावर टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्लोळ. वस्तादांनी मात्र मान वळवली आणि पाण्याकडं कान दिला.

"अजून एक जण हाय तिकडं. हाक मारतोय."

दुसऱ्या कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. दोर आखूड पडेल म्हणून त्यांनी तो कमरेचा सोडला, तेही टोक रंगनाथच्या हातात दिलं आणि पुन्हा उडी घेतली.

ते परत आले नाहीत. देहही सापडला नाही. पाणी ओसरल्यावर घरोघर चौकशी झाली, तर गावातलं दुसरं कुणीच हरवलेलं नव्हतं. मग वस्ताद गेले कुणासाठी? त्या प्रश्नातूनच सुरत उगवली.

पुढं रंगनाथ रविवारी त्याच घाटावर पोरांना पोहायला शिकवू लागला. पाण्यातली डोकी मोजायची त्याला सवय. पण दिवेलागणीला कधी कधी एक डोकं जास्त भरायचं. पुन्हा मोजलं की हिशेब बरोबर. तेवढ्या वेळात त्याच्या मानेवरचे केस उभे राहायचे. तो पोरांना दटावून बाहेर काढायचा. घरी मात्र अवाक्षर बोलायचा नाही.

त्र्याऐंशी साली त्यानं मनाशी खूणगाठ बांधली. वस्तादांवर पुस्तक काढायचं. छापून आलं की तोंडं बंद होतील. लेखक तोच, प्रकाशकही तोच. कारखान्याच्या बसमध्ये मांडीवर प्रुफं घेऊन तो तपासायचा आणि शेजारचा विचारायचा, "काय रंगनाथ, रामायण लिहितोस काय?"

छापखाना वाल्मीकशेठचा. सगळं पुस्तक जुळवून झालं. अडलं ते शेवटाशी.

"शेवटचं प्रकरण आण बाबा," वाल्मीकशेठ वैतागले. "माझे अक्षरांचे खिळे अडकून पडलेत. आणि एक ध्यानात ठेव, माणूस मारल्याशिवाय चरित्र संपत नसतं!"

रंगनाथनं शेवट लिहिला आणि आधी फुलाबाईंना वाचून दाखवायला गेला. फुलाबाई म्हणजे वस्तादांची बायको. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि वस्तादांचा पंचा दोरीवर धुऊन वाळत घातलेला.

"'...त्या महापुरात वस्तादांनी देह ठेवला,'" रंगनाथनं वाचलं.

"थांब," फुलाबाई म्हणाल्या. "तू पाह्यलास देह?"

"नाही, काकी."

"मग कशावरनं लिवलंस?"

"काकी, लोक त्यांना पळपुटा म्हणतात. सुरतेला बाई ठेवलीय म्हणतात. माझ्यानं ऐकवत नाही."

"म्हणू दे. पळालेला माणूस परत येतो, रंगा. सवत चालंल मला. पांढरं कपाळ नाय चालायचं."

रंगनाथ उठला. पायात चप्पल घालायचंही त्याला भान राहिलं नाही. वस्तादांची अब्रू राखावी तर ते कुंकू त्याच्या हातानं पुसलं जाणार. कुंकू राखावं तर वस्ताद जन्मभर पळपुटे. कितीतरी दिवस तो लिहायचा आणि फाडायचा. शेवटी त्यानं ठरवलं, डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं, तेवढंच लिहायचं. ना कमी, ना जास्त.

तो पुन्हा फुलाबाईंकडं गेला. पूर, चांगुणा, टाळ्या, सगळं वाचून दाखवलं. "'अजून एक जण हाय तिकडं, असं म्हणून वस्ताद पुन्हा पाण्यात उतरले.'" आणि कागद मिटला.

"पुढं?"

"पुढचं मी पाहिलं नाही, काकी."

फुलाबाईंनी दोरीवरचा पंचा काढून मांडीवर घेतला. मग हळूच म्हणाल्या, "हाक कुणाची असंल रं?"

इतकी वर्षं जे बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते रंगनाथच्या तोंडून निघून गेलं. "मला कधी कधी पाण्यात एक डोकं जास्त दिसतं, काकी."

त्या दचकल्या नाहीत. उलट, कुणी घरच्या माणसाची खुशाली सांगावी तसा त्यांचा चेहरा सैल झाला.

"दिसणारच. यास्नी घावला नसंल तो हाक मारणारा अजून. त्याला घेतल्याबिगर कसं येतील हे?" मग पदर सावरून म्हणाल्या, "छाप आता. असंच छाप."

वाल्मीकशेठ छापील पानं उलटून पाहत राहिले. "अरे, शेवट कुठाय?" रंगनाथ म्हणाला, "हाच."

पुस्तक निघालं. चांगुणानं मेथीच्या जुड्यांशेजारी गठ्ठा मांडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बळंच घ्यायला लावलं. घाटावरच्या त्या मिशीवाल्यानंही घेतलं. पायरीवर बसून त्यानं शेवटचं पान वाचलं आणि नेहमीसारखं सुरतेचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर समोर गेली. दिवेलागण झाली होती, पाणी काळं पडलं होतं, आणि पोरं अजून आतच होती.

त्यानं तोंड मिटलं आणि एकेक डोकं मोजू लागला.