बारावी चूळ

माझ्या वडिलांनी मला संध्या शिकवली त्याच्या आधी चूळ भरायला शिकवले. पाणी किती घ्यायचे, ते गालांत कसे फिरवायचे, हिरड्यांवर कसे आपटायचे आणि शेवटी डाव्या बाजूला, कुणावर शिंतोडा उडणार नाही असे कसे टाकायचे, हे सारे मी न्हाणीच्या दगडावर त्यांच्या शेजारी उकिडवा बसून शिकलो. दात घासल्यावर बारा चुळा, खाल्ल्यावर बारा, आणि त्या पुऱ्या होईपर्यंत मौन. बारावी टाकली की ते पंच्याने ओठ टिपत, "हरी" म्हणत, आणि मगच बोलू लागत. उष्ट्या तोंडाने बोलणे म्हणजे समोरच्याच्या पानात उष्टे वाढणे, असे ते मानत. एकदा जेवताना त्यांच्या पाटाशी विंचू निघाला. त्यांनी माझ्या मुलीला हाताने खूण करून दूर सारले, न्हाणीत जाऊन शांतपणे बारा चुळा भरल्या आणि परत येऊन विचारले, "मारला की नाही?"

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची. सक्करदऱ्याच्या तलावापासून थोड्या अंतरावर दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही राहत होतो. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. त्या वर्षी माघात वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि चेहऱ्यासकट डावे अंग लुळे पडले. रुग्णालयातून घरी पाठवताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. हृदय थकले आहे, फार दिवस धरू नका. वाचा परत येण्याची आशा ठेवू नका. आणि पाणी मुळीच पाजू नका. ते श्वासात गेले तर तेवढ्यानेच जातील. दुधात तांदळाची पिठी शिजवून ती दाट खीर चमच्याने भरवायची होती. तोंड स्वच्छ ठेवण्यासाठी त्यांनी गुळण्यांच्या औषधाची बाटली लिहून दिली. ती मी गांधीबागेतून आणली. गुलाबी पाणी, लवंगेसारखा वास. गुळण्या मात्र करायच्या नव्हत्या. कापसाचा बोळा त्यात भिजवून दात, जीभ आणि टाळू पुसायचा, एवढेच.

वडिलांना मरणाचे भय नव्हते. त्यांना एकच काळजी होती, आणि ती त्यांनी धडधाकट असताना मला अनेकदा सांगितली होती. "जाताना नाम तोंडात हवं. मनातल्या मनात नाही. मला ते माझ्या कानांनी ऐकायचंय." आता ते तोंडच मिटले होते. मी रोज त्यांच्या उशाशी बसून म्हणे, "बाबा, हरी म्हणा." ते माझ्याकडे पाहत. त्या नजरेत असहायता असती तर मला समजले असते. तिच्यात राग होता. आणि ते ओठ आणखी घट्ट दाबून धरीत.

घरी आणल्यानंतरच्या चौथ्या पहाटे मी तो आवाज प्रथम ऐकला. हिंगण्याच्या कारखान्याची बस कोपऱ्यावर येऊन भोंगा वाजवी, त्याच्या थोडे आधी. मी बाहेरच्या खोलीत अंथरुणावर जागा होतो. आतल्या खोलीत कुणीतरी तोंडात पाणी खेळवीत होते. एका गालातून दुसऱ्या गालात, हिरड्यांवर, पुन्हा गालात. मग थोडे थांबणे. मग पुन्हा.

मी उठून पडदा सारला. आवाज तत्क्षणी थांबला. वडील उताणे पडले होते, डोळे उघडे, ओठ मिटलेले. उशी कोरडी होती. डॉक्टरांच्या धाकाने पत्नीने पाण्याचे भांडेही त्या खोलीतून काढून टाकले होते. आणि अर्ध्या लुळ्या पडलेल्या तोंडात असा भरीव आवाज होणे शक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आत गेलो नाही, नुसते मोजले. आवाज बारा वेळा झाला. बारावीनंतर जी शांतता पसरली ती रिकामी नव्हती. कुणी बोलायला तोंड उघडण्याच्या आधी असते तशी ती होती. मी त्या शब्दाची वाट पाहिली. शब्द आला नाही. बसचा भोंगा वाजला.

त्याच्या पुढच्या पहाटे पत्नीनेही ऐकले. "अहो," ती अंधारात म्हणाली, "आत कोण आहे?" मी म्हणालो, बाबा. ती म्हणाली, "बाबा आहेत ते मला माहीत आहे. दुसरं कोण आहे?" त्यानंतर ती मुलीला आपल्या कुशीत घेऊन झोपू लागली.

भिंतीपलीकडचा शेजारी हिंगण्याला कामाला जाई. आवाज त्याच्याकडून येत असावा अशी आशा धरून मी त्याला विचारले, पहाटे गुळण्या करता का?

तो मोठ्याने हसला. "काहून जी गुरुजी? मी तं तोंडावर पाणी मारतो अन् बस पकडतो. गुळण्या कराले टाइम कोणाले हाय? आमची मंडळी म्हणते, तुमच्या तोंडाच्या वासानं डायवर तुमाले मागच्या सीटवर बसवते." मग माझा चेहरा पाहून त्याने आवाज खाली आणला. "पण घरात आवाज येऊन राहिला असंन तं कोणाले तरी दाखवा, गुरुजी. बाहेरचं बी असू शकते."

असल्या गोष्टींवर मी विश्वास ठेवीत नव्हतो. तरीही पुढच्या पहाटे मी पडद्याबाहेर उभा राहिलो, चौकटीवर हात ठेवून बारापर्यंत मोजले, आणि पडदा सारायला माझा हात उठला नाही. असे आठवडाभर चालले.

पडून राहिल्याने पाठीला झालेल्या जखमा धुवायला आणि तोंड पुसायला एक सिस्टर दिवसाआड दुपारी येत असे. वयाने लहान, बोलायला मोकळी. छपन्न सालच्या धम्मदीक्षेच्या वेळी आपण आईच्या कडेवर होतो, असे तिने पत्नीला सांगितले होते. तिने बोळा पुढे केला की वडील मान फिरवीत. "आजोबा, माह्यावर राग हाय का?" ती म्हणे. "एवढं महागाचं औषध हाय, आमाले कोणी देत नाही."

अशाच एका दुपारी पत्नीने खीर भरवली आणि बाजूला झाली. सिस्टर बोळा हातात धरून तशीच थांबली, वडिलांच्या तोंडाकडे पाहत. उजवा गाल फुगला, बसला. पुन्हा फुगला, बसला. आवाज काही नव्हता. ती पुटपुटत मोजत होती.

"गुरुजी, हे पाहा. मागच्या खेपेलेही असंच केलं. बारा वेळा. मंग ओठ असे दाबून धरले. काय हाय हे बारा?"

मी खाली बसलो.

झटका आल्यापासून दिवसातून चार-पाच वेळा त्यांना भरवले जात होते आणि एकदाही चूळ मिळाली नव्हती. औषधाने त्यांचे तोंड स्वच्छ झाले होते; त्यांच्या लेखी ते उष्टेच होते. उष्ट्या तोंडाने ते विंचवाविषयीही बोलले नव्हते, मग नाम कसे घेणार? आणि ते घ्या म्हणून मी, त्यांनीच शिकवलेला मुलगा, रोज त्यांना विनवीत होतो.

मी सिस्टरला सारे सांगितले. "मंग इतके दिवस चूळ काहून नाही दिली?" ती म्हणाली.

"डॉक्टरांनी पाणी नको सांगितलंय."

"पाजू नका म्हटलं. कुशीवर घेतलं तं पाणी गालातून भायेर येते. डाव्या अंगावर वळवू, तिकडून आपोआप गळंन. धोका हाय, नाही म्हणत नाही. तुमी सांगा."

डावी बाजू. आमचा आचारही डावीच सांगतो. मी पत्नीकडे पाहिले. ती मान हलवून नको म्हणत होती. मी तांब्या आणला.

सिस्टरने चमचा भरला आणि थबकली. "चालंन ना आजोबाले माह्या हातचं?"

तोच विचार क्षणापूर्वी माझ्या मनात येऊन गेला होता, हे मी लपवीत नाही. वडिलांनी तोंड उघडले. झटक्यानंतर प्रथमच, आपण होऊन.

एक. दोन. तीन. गालाखाली धरलेल्या तसराळ्यात पाणी पडत होते. चौथ्या चुळीला त्यांना ठसका लागला, चेहरा काळवंडला. पत्नी ओरडली, "पुरे करा!" सिस्टरने त्यांना आणखी ओणवे केले, पाठ थोपटली. श्वास परत आला. वडिलांनी चमच्याकडे पाहिले. मी म्हणालो, पाच.

बारानंतर शांतता झाली. ती मी ओळखली. तीच, पहाटेची.

"हरी," वडील म्हणाले. आवाज वाकडा होता, अर्धी हवा गालातून निसटत होती. पण शब्द पुरा होता. मग त्यांनी सुनेकडे डोळे वळवले आणि बराच दम खाऊन म्हणाले, "काल… खीर करपली होती." सिस्टर इतकी हसली की चमचा तिच्या हातून पडला.

त्यानंतर ते थोडे थोडे बोलू लागले, दर वेळी बारा चुळांनंतर. एका दुपारी मी जेवून, तोंड धुऊन त्यांच्यापाशी बसलो होतो. ते म्हणाले, "पहाटे तू बारा भरतोस. चुकत नाहीस."

मला अर्थ लागेना. "कधी, बाबा?"

"रोज. मी पडल्यापडल्या ऐकतो. तुझ्याबरोबर गाल हलवतो. त्याच आधारावर दिवस काढले."

त्या साऱ्या पहाटे मी पडद्याबाहेर कोरड्या तोंडाने उभा होतो. मला वाटत होते आवाज आतून येतो. त्यांना वाटत होते बाहेरून. ते माझ्याकडे पाहत होते. "हो, बाबा," मी म्हणालो, "बाराच भरतो." त्यांनी समाधानाने डोळे मिटले. चूळ भरलेल्या तोंडाने मी वडिलांशी बोललेले ते एकच असत्य.

दुसऱ्या दिवसापासून मी बसच्या आधी उठू लागलो आणि न्हाणीच्या दगडावर बसून, त्यांना ऐकू जाईल अशा बारा चुळा भरू लागलो. तो दुसरा आवाज थांबला की नाही, मी सांगू शकत नाही. आपल्याच तोंडात पाणी खळखळत असताना इतर काही ऐकू येत नाही.

फाल्गुनाच्या अखेरीस एका पहाटे मी बारावी चूळ टाकली आणि पंचा ओठांशी नेला. मी नाम घेण्याच्या आधी आतल्या खोलीतून ते ऐकू आले, स्पष्ट, झटक्याच्या आधीच्या आवाजात. मी धावत जाऊन पडदा सारला. वडील गेले होते. खोलीत पाण्याचे भांडे नव्हते. त्यांची मान डावीकडे वळलेली होती आणि त्या बाजूने उशी ओली होती. मी हात लावला. पाणी नुकतेच विहिरीतून काढल्यासारखे गार होते.